माशांचे प्रोबायोटिक खाद्य : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

एप्रिल-मे उजाडला की या सदराकडे येणारी पत्रे बहुधा पाणी तापल्याची असतात. यंदा त्यांच्या जोडीला एक नवा शब्द पुन्हा पुन्हा आला, तो म्हणजे ‘प्रोबायोटिक’. म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

माझ्याकडे दोन फुटी टाकीत चार गोल्डफिश आणि शेजारच्या लहान टाकीत गप्पी आहेत. दुकानदाराने ‘प्रोबायोटिक’ लिहिलेले दाणेदार खाद्य दिले आणि हे खाद्य घातले तर पाणी बदलावे लागत नाही, असे सांगितले. तीन आठवडे मी पाणी बदलले नाही. आता गोल्डफिश वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. खाद्य बदलावे काय?
— एक वाचक, मानेवाडा

खाद्य दोन दिवस बंद ठेवावे आणि पाणी आजच बदलावे. एकदम सगळे न उपसता आज चौथा हिस्सा, उद्या चौथा हिस्सा आणि परवा पुन्हा तेवढेच बदलावे. नळाचे पाणी क्लोरीनचे असल्याने त्यात अँटी-क्लोरीन मिसळूनच ते टाकीत घ्यावे. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा.

आता मूळ गैरसमजाकडे येऊ. टाकीच्या संदर्भात ‘चांगले जीवाणू’ असे म्हटले जाते तेव्हा दोन अगदी वेगळ्या जमातींची गल्लत होते. पहिली जमात फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खडीवर राहते. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाईबंद माशांनी सोडलेल्या अमोनियाचे नायट्राइट करतात, तर नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर त्या नायट्राइटचे तुलनेने सौम्य असे नायट्रेट करतात. दुसरी जमात माशाच्या आतड्यात राहून पचनाला हातभार लावते. खाद्याच्या पाकिटात असतात ते या दुसऱ्या कामासाठी निवडलेले जीवाणू, बहुधा बॅसिलस, लॅक्टोबॅसिलस किंवा पेडिओकॉकस यांपैकी, आणि काही खाद्यांत यीस्ट. फिल्टरमधल्या जमातीचे काम ते करू शकत नाहीत. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतो आणि तो खाद्यातल्या प्रथिनांपासूनच तयार होतो, त्यामुळे पचन कितीही उत्तम झाले तरी अमोनिया तयार व्हायचा राहत नाही. शिवाय साखळीच्या शेवटी उरणारे नायट्रेट लहान टाकीतून काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी बदलणे. तेव्हा दुकानदाराचे विधान सरळ चुकीचे आहे.

मग या खाद्याला काही अर्थ आहे की नाही? आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. या व्याख्येतील ‘जिवंत’ आणि ‘पुरेशा प्रमाणात’ हे दोन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत तेच पुन्हा येणार आहेत. मत्स्यशेतीत ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये यलोटेल माशांना बॅसिलसचे बीजाणू खाद्यातून दिल्याचा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या देशातील संशोधकांनी तर मृगळ माशाच्या आतड्यातून बॅसिलस सबटिलिस वेगळा काढून तो गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांना खाद्यातून दिला, तेव्हा माद्यांनी अधिक पिले दिली आणि मेलेल्या किंवा व्यंग असलेल्या पिलांचे प्रमाण घटले. आपल्या गप्पींना या खाद्याचा उपयोग होऊ शकतो तो असा.

गोल्डफिशचे म्हणाल तर तो रोहू-कटल्याच्याच कुळातला, आणि या कुळाला जठर नसते. घशामागून थेट आतडे सुरू होते. त्यामुळे जठरातल्या आम्लाने जीवाणू मरण्याचा प्रश्न त्याच्याबाबतीत उद्भवत नाही. परंतु जठर नसल्यामुळे अन्न साठवायलाही जागा नाही. भरपूर घातलेले खाद्य अर्धवट पचून बाहेर पडते, तळाशी साचते आणि कुजते. प्रोबायोटिक असो वा नसो, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य, दिवसातून एक-दोन वेळा द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. दोन फुटी टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावते. चार गोल्डफिशना ते अपुरे आहे, हेही नाइलाजाने सांगावे लागते.

घरचे दही हे उत्तम प्रोबायोटिक आहे असे आपण सारेच ऐकतो. मग महागडे पाकीट आणण्याऐवजी रोजच्या दाण्यांना थोडे दही चोळून दिले तर चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ

हा प्रश्न मी स्वतःही एकेकाळी स्वतःला विचारला होता, आणि दुर्दैवाने उत्तर टाकीकडूनच घेतले. चाळीस लिटरच्या टाकीत, दह्यात घोळलेले दाणे चमचाभर घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताकासारखे झाले होते आणि सगळ्या मोली पृष्ठभागाला चिकटल्यासारख्या होत्या. त्यांपैकी तीन वाचल्या नाहीत.

चूक कुठे झाली? दह्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू असतात हे खरेच. परंतु त्यांच्यासोबत दुधाचे स्निग्ध पदार्थ, केसिन आणि उरलेली दुग्धशर्करा हेही पाण्यात उतरते. टाकीतले इतर असंख्य जीवाणू त्यावर तुटून पडतात, काही तासांत बेसुमार वाढतात आणि वाढताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. पाणी दुधाळ दिसते ते दह्यामुळे नव्हे, या वाढीमुळे. तळ्यात किंवा कोळंबीच्या शेतीत तांदळाचा कोंडा, गूळ आणि यीस्ट आंबवून घालण्याची पद्धत आहे, पण तिथे लाखो लिटर पाणी असते, पॅडल फिरत असतात आणि प्राणवायू मोजणारा माणूस बांधावर उभा असतो. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीला ते गणित लागू पडत नाही.

शिवाय घरच्या दह्यात कोणता जीवाणू किती आहे हे विरजणागणिक बदलते. व्याख्येतल्या ‘पुरेशा प्रमाणात’ या अटीची खात्री तिथेच संपते. दही आपण खावे, कढी करावी, माशांना साधे दाणे द्यावेत.

माझ्याकडे वनस्पती लावलेल्या टाकीत लाल चेरी कोळंबी (झिंगे) आणि काही गोगलगायी आहेत. पिलांसाठी म्हणून प्रोबायोटिक भुकटी आणली आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे रोज घातली. हिवाळ्यात पिले भरपूर वाढली. मे महिन्यात मात्र रोज दोन-तीन कोळंब्या मरत आहेत. भुकटी बंद केली तर पिले उपाशी मरतील अशी भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, प्रतापनगर

या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण अपृष्ठवंशीय प्राण्यांविषयी फार कमी लिहिले जाते आणि प्रोबायोटिक खाद्याचा खरा उपयोग, माझ्या मते, माशांपेक्षा त्यांनाच अधिक होतो.

माशाला आजार झाला तर त्याचे शरीर त्या आजाराची ओळख ठेवणारी प्रतिपिंडे बनवते. कोळंबीला, खेकड्याला किंवा गोगलगायीला ती सोय नाही. त्यांची प्रतिकारशक्ती उपजत असते तेवढीच, आणि माशांना देतात तशी लस त्यांना देता येत नाही. म्हणूनच कोळंबी-शेतीत व्हिब्रिओ जातीच्या रोगकारक जीवाणूंची जागा बॅसिलससारख्या निरुपद्रवी जीवाणूंनी आधीच अडवून ठेवावी, हा मार्ग महत्त्वाचा ठरला. जागा आणि अन्न एकाने आधी व्यापले की दुसऱ्याला शिरकाव कठीण होतो, एवढी ती साधी युक्ती आहे.

आपल्या टाकीतली चेरी कोळंबी दिवसभर पाने, लाकूड आणि काच खरवडत असते. ती खाते तो जीवाणू, शेवाळ आणि त्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचा पातळ बुळबुळीत थर. नव्याने जन्मलेले पिलू फार दूर जात नाही. ते जिथे असेल तिथेच चरते, म्हणून टाकीत सर्वत्र असा थर असणे त्याच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न असतो. भुकटीतले बॅसिलसचे बीजाणू आणि विकरे (एन्झाइम) हा थर वाढवतात. हिवाळ्यात पिले वाढली त्याचे श्रेय भुकटीला देता येईल.

परंतु मे महिन्यात हेच औषध उलटते, आणि त्याचे कारण प्राणवायूत आहे. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना जेमतेम ७. त्याच वेळी उष्णतेने कोळंबीची आणि जीवाणूंचीही प्राणवायूची गरज वाढते. त्यात आपण रोज नवे जीवाणू आणि त्यांचे अन्न भुकटीच्या रूपाने घालता. वनस्पतीही रात्री प्राणवायू घेतातच, त्यामुळे पहाटे चार-पाचच्या सुमारास टाकीतला प्राणवायू सर्वांत कमी होतो. मेलेल्या कोळंब्या आपल्याला सकाळी सापडत असतील, तर हेच कारण असण्याचा संभव मोठा आहे. चेरी कोळंबीला २० ते २६ अंश मानवतात. तिशी ओलांडली की ती ताणाखाली येते, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तप्त दिवसांत, नागपुरातल्या बंद खोलीतल्या टाकीचे पाणी सहज ३३-३४ अंशांपर्यंत जाते.

तेव्हा क्रमाने असे करावे. भुकटी पूर्ण बंद न करता आठवड्यातून एकदाच, दातकोरणीच्या टोकावर मावेल एवढी, वाटीभर पाण्यात कालवून घालावी. जुन्या, हिरव्या झालेल्या टाकीत पिले उपाशी मरत नाहीत. वाळलेले बदामाचे पान एक-दोन टाकून ठेवावे, त्यावर लागणारा थर पिलांना पुरतो. टाकीचे झाकण काढून वर जाळी ठेवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडावा. आपल्याकडची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते. हीच युक्ती जुलैत दमट हवेत चालत नाही, पण तोवर गरजही उरत नाही. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी, कारण बाष्पीभवनात क्षार मागेच राहतात आणि नळाचे किंवा बोअरचे पाणी घालत गेल्यास पाणी अधिकाधिक जड होत जाते. गोगलगायींना मात्र थोडे जड पाणी शंखासाठी हवेच असते, म्हणून पाणी बदलताना साधे नळाचेच पाणी वापरावे.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारतो. खोलीत कूलर आहे आणि त्यापायी डासांसाठी अगरबत्ती, लिक्विड किंवा स्प्रे लावता काय? त्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची कीटकनाशके कोळंबीला अतिशय अल्प मात्रेतही मारक ठरतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडत असतो. गल्लीत धुराची फवारणी करणारे यंत्र आले की पंप बंद करून टाकी ओल्या कापडाने झाकावी आणि धूर ओसरल्यावर, अर्ध्या तासाच्या आत, पंप पुन्हा सुरू करावा. तसेच माशांसाठीचे तांब्याचे औषध कोळंबीच्या टाकीत कधीही घालू नये. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारा घटक तांब्याचाच असतो, तरी पाण्यात विरघळलेले जादा तांबे तिला विषच आहे.

मी स्वतः अॅक्वेरियमचे दुकान चालवतो. प्रोबायोटिक खाद्याची पाकिटे उन्हाळ्यात मालवाहू गाडीतून येतात, मग दुकानात राहतात. आतले जीवाणू जिवंत उरतात की मी नुसते नाव विकतो?
— एक वाचक, इतवारी

असा प्रश्न विचारणारा दुकानदार भेटला याचे समाधान वाटले. उत्तर पाकिटात कोण आहे यावर अवलंबून आहे.

बॅसिलस प्रतिकूल काळात बीजाणू बनवतो. म्हणजे स्वतःभोवती जाड कवच घेऊन झोपी जातो. दाणे बनवताना वाफेची ८०-९० अंशांची उष्णता त्यातले बरेच बीजाणू सोसतात, मग गाडीतले ४५-५० अंश त्यांना फारसे काही नाही. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस यांच्याकडे असे कवच नाही. दाणे यंत्रातून निघून थंड झाल्यावर ते वरून फवारले जातात, आणि पुढे उष्णता व ओलावा या दोहोंनी त्यांची संख्या आठवड्यागणिक घटते. म्हणून आपल्या हवामानात, मे महिन्यात माल मागवायचा असेल तर बॅसिलसचे खाद्य मागवावे. लॅक्टोबॅसिलसचे खाद्य दिवाळीनंतर मागवून फेब्रुवारीपर्यंत संपवावे.

वेष्टणावर तीन गोष्टी शोधाव्यात. जीवाणूचे संपूर्ण नाव असावे, नुसते ‘फायदेशीर जीवाणू’ असे नको. प्रति ग्रॅम संख्या असावी, ती ‘सीएफयू’ (वाढून वसाहत करू शकणारे जिवंत जीवाणू) या एककात देतात आणि माशांच्या खाद्यात ती साधारण १० लाख ते १०० कोटींच्या दरम्यान आढळते. तिसरी गोष्ट म्हणजे ती संख्या उत्पादनाच्या दिवसाची आहे की मुदत संपेपर्यंतची, हे. बहुतेक पाकिटांवर हे तिसरे लिहिलेले नसते, आणि ते का नसते हे आपण जाणताच.

पावसाळ्यात धोका वेगळा असतो. मोठा डबा उघडून सुटे खाद्य तोलून देण्याची आपल्याकडची पद्धत प्रोबायोटिक खाद्यासाठी सोडावी. दमट हवेत दाण्यांवर बुरशी येते, आणि काही बुरशींचे विष, विशेषतः अफ्लाटॉक्सिन, माशांच्या यकृताला हानी करते. गिऱ्हाइकाला लहान सीलबंद पाकीट द्यावे आणि घरी हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवायला सांगावे. फ्रिजमधला डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा, नाहीतर आत दव साचते.

लहान मुलांना जुलाबात देतात त्या प्रोबायोटिकच्या कुपीतले चार थेंब दाण्यांवर घातले तर चालेल का? घरात पडून आहेत.
— एक वाचक, महाल

नको. या कुप्यांमध्ये बहुधा बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू असतात आणि त्यातील वाण अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे म्हणूनच निवडलेले असतात, जेणेकरून प्रतिजैविकांबरोबरही ते देता यावेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुलासाठी तो गुण आहे. टाकीत असे जीवाणू विनाकारण सोडण्यात शहाणपण नाही. मुदत उरली असेल तर ती कुपी ज्याच्यासाठी आणली त्याच्यासाठीच ठेवावी.

माझ्या डिस्कस माशाला पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा होते आणि तो खाद्य तोंडात घेऊन थुंकतो. दुकानातून आणलेले प्रतिजैविक पाच दिवस दिले, त्याच बरोबर प्रोबायोटिक खाद्यही दिले. फरक नाही.
— एक वाचक, वर्धमाननगर

फरक पडला नाही याची तीन कारणे दिसतात.

एक म्हणजे, मासा खाद्य थुंकत असेल तर खाद्यातून दिलेले काहीही त्याच्या पोटात गेलेले नाही. दुसरे म्हणजे, प्रतिजैविक आणि जिवंत जीवाणू एकाच वेळी देणे म्हणजे एका हाताने पेरणे आणि दुसऱ्या हाताने वखरणे आहे. प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यावर दोन-तीन दिवसांनी प्रोबायोटिक खाद्य सुरू करावे आणि दोन-तीन आठवडे सलग द्यावे. खाद्यातले हे जीवाणू कायमचे ठाण मांडत नाहीत. खाद्य थांबवले की काही दिवसांत आतड्यातून ओसरतात, म्हणून चार दिवस देऊन सोडण्यात अर्थ नसतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. डिस्कसमध्ये अशी विष्ठा पुष्कळदा आतड्यातल्या स्पायरोन्यूक्लियस किंवा हेक्सामिटा या चाबकासारख्या शेपट्या असलेल्या एकपेशीय परजीवींमुळे होते. ते जीवाणू नाहीत, त्यामुळे नेहमीची प्रतिजैविके त्यांच्यावर चालत नाहीत. त्यासाठी मेट्रोनिडॅझोल वापरतात. परंतु उपाशी राहिलेल्या किंवा ताणाखालच्या माशाचीही विष्ठा पांढरी दिसू शकते. ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज औषध देणे हा अंदाजपंचे कारभार होतो. आपण नागपुरात आहात ही मोठी सोय आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथेच आहे आणि त्याचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला आहे. तेथील जाणकारांशी किंवा माशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांशी आधी बोलावे.

मेट्रोनिडॅझोल प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंनाही मारते, आणि माशाच्या आतड्यातले पुष्कळसे मूळ रहिवासी तसेच असतात. त्यांपैकी सिटोबॅक्टेरियम हा ब-१२ जीवनसत्त्व तयार करतो. म्हणून या औषधानंतर प्रोबायोटिक खाद्य देण्यामागे तर्क आहे. औषधाऐवजी ते देण्यामागे मात्र नाही. डिस्कसला २८ ते ३० अंशांचे पाणी मानवत असल्याने उन्हाळा त्याला कोळंबीइतका जाचत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

नागपुरात राहून समुद्री टाकी ठेवली आहे. क्लाउनफिश आणि दोन क्लीनर श्रिंप आहेत. त्यांना प्रोबायोटिक कसे द्यावे?
— एक वाचक, रामदासपेठ

जिवंत आर्टेमियातून, म्हणजे माशांना खाऊ घालतात त्या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कवचधारी जीवातून, देणे सर्वांत सोयीचे. पण एक बारकावा सांभाळावा लागतो. अंड्यातून नुकताच निघालेला आर्टेमिया काही खाऊ शकत नाही, त्याचे तोंड उघडलेले नसते. निघाल्यानंतर आठ ते बारा तासांनी, पहिली कात टाकल्यावर, तो पाण्यातले कण गिळू लागतो. तेव्हा त्याला वेगळ्या भांड्यात स्वच्छ खाऱ्या पाण्यात घेऊन चिमूटभर प्रोबायोटिक घालावे, काही तास हवा सोडत ठेवावे, मग बारीक गाळणीने गाळून, धुऊन टाकीत द्यावे. खाऊ घालताना स्किमर (फेसाबरोबर पाण्यातला मळ काढणारे यंत्र) अर्धा तास बंद ठेवावा आणि नंतर आठवणीने सुरू करावा. अतिनील दिवा पाण्यात तरंगणारे जीवाणू मारतो, आर्टेमियाच्या पोटातले नाही, त्यामुळे त्याची चिंता नको.

जाता जाता एक सूचना. टाकीत प्रवाळ ठेवण्याचा विचार मनात असेल तर तो सोडावा. खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

घरी जिलेटिन घालून माशांसाठी वड्या करते. पालक, मटार, थोडी कोळंबी आणि प्रोबायोटिक भुकटी असे मिश्रण असते. हिवाळ्यात वड्या छान होतात, पण आता टाकीत टाकताच विरघळून पाणी गढूळ होते. भुकटीमुळे असे होते काय?
— एक वाचक, सक्करदरा

भुकटीचा यात काही दोष नाही, दोष जिलेटिनचा आणि ऋतूचा आहे. जिलेटिनची वडी साधारण ३० अंशांच्या आसपासच नरम पडू लागते आणि ३५ अंशांपर्यंत वितळून जाते. आपल्या टाकीतले पाणीच सध्या तेवढे तापलेले आहे. त्याऐवजी चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, वापरावे. एकदा घट्ट झाले की ते ८५ अंशांच्या आसपास पोहोचल्याखेरीज वितळत नाही, त्यामुळे टाकीत वडी अखंड राहते.

मात्र चायना ग्रासचा एक पेच आहे. ते उकळूनच विरघळवावे लागते, आणि थंड होताना ३५ ते ४० अंशांदरम्यान एकाएकी गोठते. भुकटी उकळत्या मिश्रणात घातली तर लॅक्टोबॅसिलस मरतील, आणि फार थांबलात तर मिश्रण भांड्यातच गोठेल. तेव्हा भाजी आणि कोळंबी आधी वाफवून, वाटून, कोमट करून ठेवावी. विरघळलेले चायना ग्रास त्यात ओतून ढवळत राहावे. भांड्याचा तळ हाताला सहन होईल इतका गरम राहिला, म्हणजे साधारण ४५ अंशांवर आला, की भुकटी घालून दोन फेऱ्या ढवळावे आणि लगेच ताटात थापावे. भुकटी बॅसिलसची असेल तर एवढी घाई करण्याचे कारण नाही. माप भुकटीच्या डब्यावर असेल तेच घ्यावे, अंदाजाने वाढवू नये. मीठ, तेल, हळद काही घालू नये.

वड्या पोह्याच्या दाण्याएवढ्या कापून तीन-चार दिवसांपुरत्या फ्रिजमध्ये आणि उरलेल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. गोठवल्याने काही जीवाणू कमी होतात, सगळे मरत नाहीत. वडी घट्ट राहते म्हणून ती टाकीत विसरून जाण्याचा धोका मात्र वाढतो. अर्ध्या तासाने उरलेले तुकडे जाळीने काढून कुंडीतल्या झाडांना घालावेत.